मेडिकल स्क्राइब व्हायचंय? ठाणे-नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कळव्याची. बी.एस्सी. झाल्यावर ऐरोलीत दोन वर्षं रात्रपाळीत बसून अमेरिकन डॉक्टरांच्या नोट्स लिहिल्या. मग दीड वर्ष ठाण्यात एका हाडांच्या डॉक्टरांच्या ओपीडीत त्यांच्या शेजारच्या स्टुलावर. ओळखीतली मुलंमुली, त्यांचे आईवडील, कधी कधी समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू तेच तेच प्रश्न विचारतात. दर वेळी फोनवर अर्धा तास जातो, म्हणून एकदा लिहूनच काढलं.

स्क्राइब म्हणजे परीक्षेत अंध विद्यार्थ्यांना पेपर लिहून देणारे लेखनिक, तेच का?

नाही, पण हा प्रश्न इतक्यांदा येतो की तोच पहिला घेतला. शब्द एकच आहे, आणि खरं सांगायचं तर दोन्ही कामांचा नियमही एकच आहे: समोरचा जे सांगेल तेच लिहायचं, स्वतःचं शहाणपण त्यात घालायचं नाही. मेडिकल स्क्राइब डॉक्टर आणि पेशंट बोलत असताना तिथेच, त्याच वेळी, पेशंटची नोंद कॉम्प्युटरवर करतो. डॉक्टरांनी पेशंटकडे बघावं, कीबोर्डकडे नाही, एवढ्यासाठी ही खुर्ची निर्माण झाली.

काही जण शेजारी बसून लिहितात, काही हजारो किलोमीटरवरून हेडफोनमधून ऐकून लिहितात. आपल्याकडे दुसरा प्रकार जास्त.

हे काम अमेरिकेतूनच का येतं?

तिथे २००९ मध्ये हायटेक नावाचा कायदा झाला. कागदी फायली सोडून इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड नीट वापरणाऱ्या डॉक्टरांना सरकारने पैसे दिले, आणि पुढे न वापरणाऱ्यांचे काही पैसे कापायलाही सुरुवात केली. सगळे कॉम्प्युटरवर आले. पण एका पेशंटमागे इतके रकाने भरायचे की डॉक्टर रात्री घरी बसून नोट्स पूर्ण करायला लागले. बिलही त्या नोटवरच अवलंबून. मग कोणीतरी लिहून देणारा हवा झाला. तिथे मेडिकलला जाऊ इच्छिणारी कॉलेजची मुलं हे काम अनुभवासाठी करतात. इंटरनेटवरून ते करता येतं म्हटल्यावर ते ऐरोली-महापेपर्यंत यायला वेळ लागला नाही.

ट्रान्स्क्रिप्शन, कोडिंग आणि हे, सगळं सारखंच ना?

ट्रान्स्क्रिप्शनमध्ये डॉक्टर नंतर रेकॉर्ड करून ठेवतो आणि तुम्ही ते ऐकून टाइप करता. पॉझ करता येतं, मागे जाता येतं. कोडिंगमध्ये नोट तयार असते, तिच्यातून आजाराचा आणि केलेल्या कामाचा कोड काढायचा. आजारांच्या कोडसाठी अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१० ही यादी वापरतात. स्क्राइबला पॉझचं बटण नसतं. पेशंट एकदा बोलला की बोलला. नोट करताना दोन जण आपापसात बोलत असतात आणि त्यांना तुमच्यासाठी थांबायचं कारण नसतं.

तिन्हीकडे एकाच ऑफिसात माणसं बसलेली असतात, त्यामुळे मुलाखतीला जाताना नेमकी कुठली जागा आहे ते विचारून घ्या. 'हेल्थकेअर प्रोसेस' असं मोघम उत्तर आलं तर ते बऱ्याचदा बिलिंगचं कॉलिंग, म्हणजे बिलांसाठी फोन करत बसायचं काम असतं.

नेमकं लिहायचं काय असतं? एखादं उदाहरण द्या ना.

बहुतेक नोट चार भागांची असते. पेशंट काय सांगतो, डॉक्टरांना तपासताना काय दिसलं, त्यावरून त्यांना काय वाटतं, आणि आता पुढे काय करायचं. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला सोप नोट म्हणतात. ही मांडणी लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरांच्या १९६० च्या दशकातल्या कामातून आली.

आता उदाहरण. कल्पनेतलंच घेते, पण असं रोज यायचं. पंचावन्न वर्षांच्या बाई. 'डॉक्टर, गुडघा फार दुखतो हो.' कधीपासून? 'गौरी बसल्या होत्या तेव्हापासून जास्त.' म्हणजे तुम्ही मनातल्या मनात कॅलेंडर उघडायचं: यंदा गौरी कधी होत्या, आज किती आठवडे झाले. 'जिना चढताना नाही एवढं, उतरताना जीव जातो. मांडी घालून बसता येत नाही.' हेही लिहायचं. मग डॉक्टर विचारतात, सकाळी उठल्यावर गुडघा किती वेळ आखडलेला असतो? 'पाच-दहा मिनिटं. चहा होईस्तोवर सुटतो.'

नवा स्क्राइब इथे 'सकाळी आखडतो' एवढंच लिहितो आणि मोकळा होतो. पण डॉक्टरांना मिनिटंच हवी होती. झिजेचा गुडघा सकाळी थोडा वेळ आखडतो, अर्ध्या तासाच्या आत बहुधा सुटतो. संधिवाताच्या सुजेत तासभर किंवा त्याहून जास्त लागू शकतो. त्या 'चहा होईस्तोवर' मध्ये अर्धं निदान होतं. हे कळायला मला चार महिने लागले. कळल्यानंतर मात्र डॉक्टर प्रश्न का विचारतायत ते आधीच कळायला लागलं, आणि कामाची मजा तिथून सुरू झाली.

तपासणीच्या वेळी स्क्राइबची सवय असलेले डॉक्टर मोठ्याने बोलतात. 'सूज नाही, वाकवल्यावर आतून कटकट लागते, पूर्ण सरळ होत नाही.' पेशंटला वाटतं त्यांच्याशी बोलतायत. ते तुमच्याशी बोलत असतात.

आणखी एक. नोटमध्ये 'नाही' हा शब्द फार महाग आहे. 'ताप नाही' याचा अर्थ डॉक्टरांनी विचारलं आणि पेशंट नाही म्हणाला. विचारलंच नसेल तर ती ओळ लिहायची नाही, रिकामी सोडायची. रिकामी जागा वाईट दिसते म्हणून भरून टाकायचा मोह प्रत्येकाला होतो. मलाही झाला, त्याची गोष्ट पुढे आहे.

इथल्या ओपीडीत पेशंट मराठीत बोलणार, नोट इंग्रजीत. जमेल का?

यावर मी तासभर बोलू शकते. अमेरिकन नोट्स लिहून आलेल्या मुलांना वाटतं, आपल्या भाषेतलं तर सोपंच. मी पण तशीच छाती काढून गेले होते. पहिल्याच आठवड्यात 'चक्कर' या शब्दाने मला खाली बसवलं.

पेशंट 'चक्कर येते' म्हणतो तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. घर गरगर फिरतंय. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. किंवा चालताना तोल जातो. पहिली कानाकडे बोट दाखवू शकते, दुसरी बीपीकडे, तिसरी आणखी कुठे. इंग्रजीत तिन्हींसाठी वेगळे शब्द आहेत, आणि तुम्ही घाईत एक निवडला तर पुढचा डॉक्टर त्याच रस्त्याने जाईल. अशा वेळी पेशंटचे शब्दच ठेवायचे. आमचे डॉक्टर म्हणायचे, 'शंका आली तर त्यांची भाषा लिही, तुझी नको.'

'पित्त' तर विचारूच नका. 'पित्त झालंय' म्हणजे छातीत जळजळ, मळमळ, कधी डोकेदुखी. 'अंगावर पित्त उठलंय' म्हणजे खाजणाऱ्या गांधी. 'पित्ताचं ऑपरेशन झालं' म्हणजे पित्ताशय काढलंय. तिन्हीला इंग्रजीत एकच शब्द वापरणारी एक मुलगी मला माहीत आहे, आणि ती मीच होते.

'मुंग्या येतात' आणि 'बधिर झालंय' वेगळं. 'धाप लागते' आणि 'दमायला होतं' वेगळं. 'कणकण' म्हणजे ताप मोजलेला नाही, नुसता वाटतोय. 'उसण भरली' म्हणजे अचानक, बहुधा वाकताना, 'चमक' त्याहून क्षणिक. 'अंगावरून जातंय' असं बाई खालच्या आवाजात म्हणाली तर रक्त की पांढरं, हे डॉक्टर विचारतील. तुम्ही विचारायचं नाही आणि गृहीतही धरायचं नाही.

औषधांचं आणखी वेगळं. 'बीपीची गोळी चालू आहे ना?' 'हो, चालू आहे.' आणि दोन वाक्यांनंतर, 'संपली म्हणून पंधरा दिवस घेतली नाही.' पहिलं वाक्य टाइप करून पुढच्या रकान्यात गेलात तर दुसरं निसटतं. वयस्कर पेशंट खरी माहिती उठता उठता, दाराशी जाऊन देतात. त्यामुळे पेशंट बाहेर जाईपर्यंत नोट बंद करायची नाही.

मला वैद्यकीय शब्द येत नाहीत. किती दिवसांत येतात?

शब्द येतात हो. ट्रेनिंगमध्ये दोन-तीन महिने तेच असतं, आणि एकाच विषयाच्या डॉक्टरांकडे काम केलंत तर रोजच्या वापरातले शब्द एवढ्यात अंगवळणी पडतात. लॅटिन-ग्रीक मुळं एकदा पाठ केली की अर्धं काम होतं: 'हायपर' म्हणजे जास्त, 'हायपो' म्हणजे कमी, 'आयटिस' म्हणजे सूज-दाह, 'एक्टमी' म्हणजे कापून काढणं. घात करतात ते सारखे ऐकू येणारे शब्द. डिस्फेजिया म्हणजे गिळायला त्रास, डिस्फेझिया म्हणजे बोलायला-समजायला. हायड्रॅलाझिन बीपीचं औषध, हायड्रॉक्सिझिन खाजेचं. हेडफोनमध्ये, समोर कुत्रं भुंकत असताना, फिफ्टीन आणि फिफ्टी यांत काही फरक कळत नाही. आकडा असला की डॉक्टरांना विचारायचंच.

अमेरिकेसाठी काम करणार असाल तर आणखी थोडं उलटंपालटं शिकावं लागतं. आपलं पॅरासिटामॉल तिथे असिटामिनोफेन. साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल. ॲड्रेनलिन तिथे एपिनेफ्रिन. वजन पाउंडात, ताप फॅरनहाइटमध्ये, आणि तारखेत महिना आधी. ०३/०४ म्हणजे ४ मार्च. मी सुरुवातीला एका माणसाचं ऑपरेशन एक महिना पुढे ढकललं होतं, कागदावर.

लिहिण्याची शिस्तही आहे. रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या तिथल्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ मध्ये काही धोक्याच्या लघुरूपांची यादी काढली. युनिट हा शब्द पूर्ण लिहायचा, कारण एकट्या इंग्रजी 'यू' चा शून्य वाचला जातो. औषधाच्या मात्रेत एक मिलिग्रॅमपुढे पॉइंट शून्य लावायचं नाही, दहा वाचलं जातं. अर्धा असेल तर पॉइंटच्या आधी शून्य हवंच. हे भारतातल्या ओपीडीतही तितकंच उपयोगी आहे.

कोणाला घेतात? डॉक्टरच असावं लागतं का?

अजिबात नाही. माझ्या बॅचमध्ये दोन होमिओपॅथ, एक डेंटिस्ट, तीन फार्मसीवाले, फिजिओ झालेली एक, आणि बाकी आम्ही बी.एस्सी. मंडळी होतो. इंग्रजी ऐकून समजणं हे सगळ्यात महत्त्वाचं, बोलणं त्यानंतर. मराठी माध्यमातली मुलं इथे उगाच घाबरतात. कान तयार होतो, त्याला सवय लागते, माध्यम लागत नाही. टायपिंग मिनिटाला चाळीस-पन्नास शब्द बिनचूक असेल तर पुरतं, बाकी स्पीड कामात येतो.

सर्टिफिकेट कोर्स केलाच पाहिजे असं नाही. अलाइड आणि हेल्थकेअर प्रोफेशन्सचा २०२१ चा केंद्रीय कायदा आहे, त्याच्या यादीत आरोग्य माहिती व्यवस्थापनाच्या गटात मेडिकल स्क्राइबचं नाव आलंय. म्हणजे हा व्यवसाय म्हणून ओळखला जातोय. पण 'आमचाच कोर्स सरकारी, याशिवाय नोकरी नाही' असं सांगून पैसे मागणारा क्लास दिसला की तिथून उठायचं. कंपन्या स्वतः शिकवतात.

नीटला किंवा पुढच्या ॲडमिशनला याचा फायदा होतो का?

सरळ सांगते, नीटला नाही. नीट-यूजी ७२० मार्कांची, त्यात अनुभवाला एक मार्कही नाही. ड्रॉप घेऊन सोबत रात्रपाळी करू असा विचार असेल तर करू नका. दोन्ही जातं. मी पाहिलंय.

परदेशात एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स, किंवा आरोग्य व्यवस्थापन करायचं असेल, तर अर्जात लिहायला हे भक्कम आहे, कारण तुम्ही तिथली यंत्रणा आतून पाहिलेली असते. आपल्याकडच्या हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनच्या मुलाखतीतही बोलायला मुद्दे मिळतात. एमबीबीएस झालेल्यांनी मात्र एक लक्षात ठेवावं. अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी, म्हणजे तिथल्या हॉस्पिटलातल्या पुढच्या प्रशिक्षणासाठी, जो प्रत्यक्ष क्लिनिकल अनुभव मागतात, तो तिथे पेशंटसमोर उभं राहून मिळवायचा असतो. ऐरोलीत हेडफोन लावून नाही.

मग मिळतं काय? मला विचाराल तर कान मिळतो. दिवसाला वीस-पंचवीस पेशंट, म्हणजे वर्षभरात पाचेक हजार वेळा एक अनुभवी माणूस आजारी माणसाला प्रश्न कसे विचारतो ते तुम्ही ऐकता. पेशंट कुठे अडखळतो, कुठे लपवतो, नवरा बाहेर गेल्यावर बाई काय सांगते. माझ्या बॅचमधली फिजिओ आता स्वतःचं क्लिनिक चालवते. ती म्हणते, कॉलेजने तिला स्नायू शिकवले आणि हिस्टरी घ्यायला त्या नोकरीने शिकवलं. पेशंटला हात लावायचा, मलमपट्टी करायची, इंजेक्शन द्यायचं, असा अनुभव हवा असेल तर हे ते काम नाही. त्यासाठी नर्सिंग आहे, ओटी टेक्निशियनचा कोर्स आहे.

ठाणे-नवी मुंबईत ही कामं कुठे असतात?

अमेरिकेसाठीची कामं आयटी पार्कांत. ऐरोलीचं माइंडस्पेस, महापेचं मिलेनियम बिझनेस पार्क, रबाळे-घणसोलीचा पट्टा, इकडे ठाण्यात वागळे इस्टेट. ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर लाइनवर राहत असाल तर जाणं सोपं. जानेवारी २०२४ मध्ये दिघा गावचं स्टेशन सुरू झालं, त्यामुळे त्या भागातल्यांचीही सोय झाली. कळव्याहून आम्ही विटाव्यावरून रस्त्याने जायचो. पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलं की टीम लीडरला फोटो पाठवायचा, नाहीतर विश्वास बसत नाही.

इथल्या रुग्णालयांत 'स्क्राइब' या नावाने जाहिरात क्वचितच निघते. शोधताना क्लिनिकल असिस्टंट, ओपीडी असिस्टंट, डॉक्टर्स असिस्टंट असे शब्द टाका. घोडबंदर रोड, वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर इथली मोठी खासगी रुग्णालयं आणि जास्त पेशंट असणारे हाडांचे, डोळ्यांचे, त्वचेचे डॉक्टर अशी माणसं ठेवतात. बऱ्याच जागा तोंडी ओळखीनेच भरल्या जातात. मला ओपीडीची नोकरी आमच्या केमिस्टकाकांनी सांगितली.

रात्रपाळी किती वाजताची असते? मुलींसाठी कसं आहे?

डॉक्टर अमेरिकेत कुठे बसलाय त्यावर आहे. न्यूयॉर्ककडच्या डॉक्टरचं सकाळचं आठ म्हणजे आपले उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. कॅलिफोर्नियाचं आठ म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ किंवा साडेनऊ, आणि सुट्टी होते ती पहाटे. तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ बदलतं, तेव्हा तुमचीही शिफ्ट तासाने सरकते. जमलं तर पूर्वेकडचा डॉक्टर मागून घ्या. मध्यरात्रीनंतर दोन-तीनपर्यंत घरी पोचता, झोपेचं निम्मं तरी वाचतं.

महाराष्ट्राच्या दुकाने आणि आस्थापना कायद्याप्रमाणे, जो २०१७ चा आहे, रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रियांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती हवी, आणि सुरक्षेची व ये-जा करण्याची सोय मालकाने करायची. म्हणजे गाडी ही कंपनीची मेहेरबानी नाही. 'तुमच्या एरियात ड्रॉप नाही' असं ऐकवलं तर हे शांतपणे सांगा. रात्री दोनला ट्रान्स-हार्बरला गाडी नसते.

सणांचं गणित वेगळं. दिवाळीत तिथलं क्लिनिक चालू आणि थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी तुम्हाला सुट्टी, जिचं काय करायचं ते घरात कोणालाच कळत नाही. गुढीपाडव्याला सकाळी तलावपाळीला शोभायात्रा निघायची तेव्हा मी पडदे ओढून झोपलेली असायचे, ढोलाच्या आवाजात. आईने पहिल्या वर्षी उठवलं. दुसऱ्या वर्षी उठवलं नाही, आणि मला ते जास्त लागलं.

पगार, बाँड, डिपॉझिट?

ऑफर लेटरवरचा वर्षाचा आकडा बघून हुरळू नका. हातात महिन्याला किती, ते लिहून मागा. भविष्यनिर्वाह निधीचे मूळ पगाराचे बारा टक्के तुमच्याकडून जातात. रात्रपाळीचा भत्ता वेगळा आहे की आत धरलाय? ट्रेनिंगच्या महिन्यांत पूर्ण पगार की स्टायपेंड? बाँड असेल तर सोडताना किती भरायचे आणि ती रक्कम महिन्यागणिक कमी होते का? मूळ मार्कशीट कोणाकडेही जमा करायची नाही, झेरॉक्स द्या, मूळ दाखवा. नोकरी देण्यासाठी डिपॉझिट मागणारा माणूस नोकरी देणारा नसतो.

ओपीडीत पगार बहुधा कमी, पण दिवसाचं काम आणि समोर खरा माणूस. मी पैसे कमी घेऊन तिकडे गेले आणि मला पश्चात्ताप नाही. घरचा हप्ता तुमच्या पगारातून जात असेल तर मात्र माझं ऐकू नका.

लिहिण्यात चूक झाली तर केस होते का?

नोटची जबाबदारी सही करणाऱ्या डॉक्टरांची. तुम्ही लिहिता, ते वाचतात, दुरुस्त करतात, सही करतात. पण 'डॉक्टर बघतीलच' या भरवशावर लिहिलेली नोट आणि जबाबदारीने लिहिलेली नोट यांतला फरक तिसऱ्या दिवशी कळतो, आणि डॉक्टर मग तुम्हाला नको म्हणतात.

आता माझी गोष्ट. ऐरोलीत सहाव्या महिन्यात मी वेगात आले होते. तपासणीचा 'सगळं नॉर्मल' असा साचा आधीच भरून ठेवायचे आणि डॉक्टर बोलतील तेवढं बदलायचे. त्या रात्री एक मधुमेहाचे आजोबा होते. माझ्या नोटमध्ये छान ओळ होती: दोन्ही पावलांची नाडी नीट लागते. आजोबांचा डावा पाय गुडघ्याखाली तीन वर्षांपूर्वी काढलेला होता, आणि तेही त्याच नोटमध्ये चार ओळी वर मीच लिहिलं होतं. डॉक्टर ओरडले नाहीत. फक्त विचारलं, 'दुसरं पाऊल तुला कुठे सापडलं?' हेडफोनमधला तो शांत आवाज अजून आठवतो. त्या दिवसापासून मी तपासणीचा रकाना कोराच उघडते.

पेशंटची माहिती घरी सांगितली तर चालते का, नाव न घेता?

नाही. अमेरिकन कामाला तिथला हिपा हा १९९६ चा कायदा लागतो, म्हणून फोन लॉकरमध्ये, कागद-पेन टेबलावर नाही, स्क्रीनचा फोटो तर नाहीच. इथे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे आणि डॉक्टरांची आचारसंहिता तर २००२ पासूनची. कायदे बाजूला ठेवले तरी ठाणे एवढं मोठं नाही. 'हाडांच्या डॉक्टरांकडे एक बाई आल्या होत्या, नौपाड्यात राहतात, शिक्षिका आहेत' एवढ्यावर माझ्या मावशीने नाव ओळखलं होतं. तेव्हापासून घरी मी फक्त किती पेशंट झाले ते सांगते.

डॉक्टर घाईत आहेत, औषधाचं नाव मला माहीत आहे. सुचवू का?

नाही. डॉक्टर म्हणतील ते लिहा, खटकलं तर विचारा. 'मागच्या नोटमध्ये पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिली आहे, बघता का?' असं विचारणं हे तुमचं कामच आहे.

एआय आल्यावर ही नोकरी राहणार का?

बोलणं ऐकून आपोआप नोट तयार करणारी सॉफ्टवेअर आली आहेत आणि चांगली आहेत. या क्षेत्रातली न्युआन्स ही जुनी कंपनी मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये विकत घेतली, त्यावरून काय ते समजा. नुसतं टाइप करण्याचं काम कमी होत जाणार, यात मला शंका वाटत नाही. बऱ्याच ठिकाणी आता स्क्राइब मशीनची नोट तपासतो. मशीन कधी कधी न बोललेलं वाक्यही अगदी साळसूदपणे लिहून ठेवतं, म्हणजे माझ्या त्या पावलासारखंच. ते पकडायला संभाषण ऐकलेला आणि विषय कळणारा माणूस लागतो.

म्हणून वीस वर्षांची नोकरी म्हणून इकडे येऊ नका. दीड-दोन वर्षं करा, कान कमवा, आणि कोडिंग, क्वालिटी, रेकॉर्ड विभाग, क्लिनिकल रिसर्च किंवा पुढचं शिक्षण यांपैकी कुठे जायचं ते आत असतानाच ठरवा. आपल्याकडेही आरोग्याच्या नोंदी डिजिटल करणारं सरकारचं आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ पासून सुरू आहे, त्या नोंदींसाठीचे चौदा आकडी आभा नंबर लोकांकडे आहेत. रुग्णालयांना नोंदी नीट लिहिणारी, समजणारी माणसं लागणार आहेतच.

सतत आजार ऐकून मन खचत नाही का?

पहिले दोन महिने प्रत्येक आजार आपल्याला झालाय असं वाटतं. मी स्वतःचं थायरॉइड दोनदा तपासून घेतलं. ते जातं. कॅन्सरचा रिपोर्ट सांगितला जात असतो, पलीकडे कोणी रडत असतं, आणि तुम्हाला त्याच मिनिटाला पुढच्या तपासणीची तारीख टाइप करायची असते, हे मात्र जात नाही. आमच्या टीममध्ये अशा कॉलनंतर शेजारचा न बोलता चहा आणून ठेवायचा. मशीनचा, पुचकट, पण तो पिऊन पुढचा पेशंट घेता यायचा.

पहिल्या दिवशी काय न्यावं?

स्वेटर, कारण एसी सर्व्हरसाठी लावलेला असतो, माणसांसाठी नाही. डबा. आणि मनगटावरचं साधं काट्यांचं घड्याळ, कारण फोन लॉकरमध्ये जाईल आणि स्क्रीनवर वेळ दिसेल ती न्यूयॉर्कची असेल.